तेल-इंजिनाचा इंधनपुरवठा : बिघाडाचा शोध कोठून आरंभावा?

पाण्याच्या पाळीच्या ऐन वेळीं विहिरीवरील इंजिन बंद पडणें, हा प्रसंग ज्याच्यावर कधींच आला नाहीं असा बागाइतदार विरळा. अलीकडे बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आहेत व कित्येक ठिकाणीं सूर्यप्रकाशावर चालणारे पंपही दिसूं लागले आहेत. तथापि वीज नसेल तेव्हां पीक वांचविण्याचें काम अद्यापि पुष्कळ ठिकाणीं जुन्या डिझेल इंजिनाकडेच येतें. वर्षांतून थोडेच दिवस लागणारें हें यंत्र नेमकें त्याच दिवशीं रुसून बसतें. आणि मग घाईघाईनें जो उपाय केला जातो तो पुष्कळदां मूळ रोगापेक्षां अधिक नुकसान करितो. हें नुकसान कसें टाळावें, एवढ्याच एका गोष्टीविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

एक अनुभव

आमच्याच शेतांतील गोष्ट आहे. गहूं फुलोऱ्यास आला होता. पेरणीनंतर साठ ते पासष्ट दिवसांची ही पाळी चुकली तर दाणा बारीक राहतो, हें वाचकांस सांगावयास नकोच. रोहित्र जळाल्यामुळें वीज बंद होती; म्हणून पांच अश्वशक्तीचें आमचें इंजिन सुरू केलें. अर्धा तास तें उत्तम चाललें. मग आवाज हळूहळू मंदावत जाऊन बंद पडलें. पाऊण तास थांबून हँडल मारलें तों पुन्हां सुरू झालें, व थोड्या वेळानें पुन्हां बंद. असें तीनदां झाल्यावर आम्हीं एका फिटरास बोलाविलें. त्यानें टाकीकडे न पाहतां प्रथमच पाना घेऊन डिझेल पंप सोडविला, त्यांतील प्लंजर बाहेर काढून गोणपाटावर ठेविला, रॉकेलनें धुतला व परत बसविला. पंपाच्या बैठकीखालीं असलेल्या पातळ पत्र्यांपैकीं दोन चिखलांत पडले, तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. त्यानंतर इंजिन सुरू होतांना हँडल उलट मारूं लागलें व चालतांना घणासारखे ठोके देऊं लागलें.

पांचव्या दिवशीं शेजारच्या मळ्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ सहज आले. त्यांनीं पंपास हातही लाविला नाहीं. टाकीकडे पाहून ते म्हणाले, "हें झाकण कुठं आहे?" झाकण पावसाळ्यांत हरवलें होतें, व आमच्या गड्यानें धूळ जाऊं नये म्हणून टाकीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा सुतळीनें घट्ट आवळून बांधला होता. तो रबराचा तुकडा आंत ओढला जाऊन त्याला खळगा पडला होता. टाकींतून डिझेल जाई, पण त्याची जागा घेण्यास हवा आंत येत नसे; त्यामुळें कांहीं वेळानें डिझेलचा ओघ थांबे. इंजिन थांबलें कीं फटींतून हळूहळू हवा शिरे व तें पुन्हां चालूं लागे. सुतळी सोडतांच मूळ रोग गेला. परंतु दरम्यानच्या उपचारांत प्लंजरवर ओरखडे पडले होते व पंपाची वेळ बिघडली होती. प्लंजर-बॅरलची नवी जोडी घ्यावी लागली, आणि गव्हास पाणी मिळालें तें आठ दिवस उशिरा. सुतळीच्या गांठीची चूक, पण दंड भरला तो पंपानें व पिकानें.

यांत फिटराइतकाच दोष आमचाही होता. कारण इंजिन कोणत्या क्रमानें तपासावें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. महसूल खात्याच्या नोकरींत खात्याची चूक शोधतांना मूळ नोंदीपासून एकेक फेरफार पाहत पुढें यावें, हा नियम आम्ही नित्य पाळीत असूं; पण स्वतःच्या इंजिनापाशीं तो विसरलों.

हे भाग इतके नाजूक कां?

क्रमाचें महत्त्व कळण्यास प्रथम ह्या यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी रीतीनें चाललें. त्या वेळीं तेल आंत ढकलण्यास दाबलेल्या हवेचें मोठें व अवजड साहित्य लागत असे. पुढें स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ पासून लहान, केवळ तेल दाबणारा पंप मोठ्या प्रमाणावर तयार केला, व त्यामुळें लहान डिझेल इंजिनें सोपीं झालीं. पुण्यानजीक खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालीं झाली, आणि महाराष्ट्रांतील विहिरींवर ह्या यंत्राचा आवाज ओळखीचा झाला.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो कीं ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते. त्या हवेंत डिझेलचा बारीक फवारा उडाला म्हणजे तो आपोआप पेट घेतो. म्हणून फवारा नेमक्या वेळीं, नेमक्या मापानें व नेमक्या बारीकपणानें उडाला पाहिजे. हें माप किती लहान आहे तें पाहूं. पांच अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण भारावर तासास सुमारें सव्वा लिटर डिझेल जाळतें असें धरूं. मिनिटास १५०० फेरे घेणारें इंजिन दर दोन फेऱ्यांस एक फवारा उडवितें. म्हणजे तासास ४५,००० फवारे झाले. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वांट्यास सुमारें २८ घन मिलिमीटर डिझेल येतें. साधा थेंब सुमारें ५० घन मिलिमीटरांचा असतो. म्हणजे एका फवाऱ्यास सुमारें अर्धा थेंब पुरतो; आणि हा अर्धा थेंब सेकंदाच्या चारशेंव्या-पांचशेंव्या भागांत आंत जावा लागतो.

हें काम करणारी जोडी म्हणजे पंपांतील प्लंजर व बॅरल. इंजिनाचा कॅम प्लंजरला वर ढकलतो. प्लंजर बॅरलच्या बाजूचें भोक झांकतो व तेथून तेल दाबलें जाऊं लागतें. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खांच असते. ती त्या भोकासमोर आली कीं दाब सुटतो व फवारा संपतो. गव्हर्नर रॅकच्या योगें प्लंजरला थोडा फिरवितो, त्यामुळें खांच लवकर वा उशिरां भोकासमोर येते व डिझेल कमीजास्त होतें. प्लंजरची धांव मात्र नेहमीं सारखीच असते.

एवढ्या दाबाखालीं तेल बाजूनें निसटूं नये म्हणून ह्या दोहोंमध्यें कोणतेंही पॅकिंग नसतें. केवळ तंतोतंत घासून बसविलेलें पोलाद असतें. दोहोंमधील फट मिलिमीटराच्या हजार भागांपैकीं अवघी दोन ते तीन भाग असते. माणसाचा केस सुमारें सत्तर भाग जाड भरतो. म्हणून एका पंपाचा प्लंजर दुसऱ्या पंपाच्या बॅरलमध्यें कधींही घालूं नये. ती जोडी एकत्रच बदलावी. आणि गोणपाटावरील धुळीचा एक कण ह्या फटीच्या मानानें धोंडाच होय, हें लक्षांत ठेवावें.

पंपापासून इंजेक्टरपर्यंत जाणारी पोलादी नळीही अशीच हिशेबानें केलेली असते. तिची भिंत जाड व भोक बारीक कां, असें पुष्कळजण विचारतात. भोक दोन मिलिमीटर व लांबी अर्धा मीटर धरली तर नळींत सुमारें १५७० घन मिलिमीटर तेल मावतें. इंजेक्टर सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलोग्रॅम दाबावर उघडतो. ह्या दाबाखालीं तेलही शेंकडा एकाहून किंचित् अधिक आकसतें. म्हणजे सुमारें वीस घन मिलिमीटर. आपला फवारा तर अवघा अठ्ठावीसांचा! यास्तव नळी तुटली असतां जाड भोकाची किंवा लांब नळी वांकवून बसविली, तर फवाऱ्याची वेळ व माप दोन्ही बिघडतात. मूळ नळीच्याच लांबीची व भोकाची नळी घ्यावी.

हवेचा बुडबुडा काय करितो तेंही यावरून कळेल. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा सुमारें ३३ घन मिलिमीटरांचा असतो. तेल थोडेंच आकसतें, पण हवा दोनशें पट दाबली तर जवळ जवळ नाहींशीच होते. म्हणजे प्लंजरची सगळी धांव हा एक बुडबुडा दाबण्यांतच खर्च होते व इंजेक्टर मुळींच उघडत नाहीं. "इंजिनानें एअर धरली" असें आपण म्हणतों तें हेंच.

शोधाचा क्रम

इंजिन सुरू होत नसेल वा चालतां चालतां बंद पडत असेल, तर टाकीपासून इंजेक्टरकडे, व सोप्यापासून अवघडाकडे, याच क्रमानें जावें. एक पायरी पुरी तपासल्यावांचून पुढील पायरीस हात लावूं नये.

पहिली पायरी टाकी. डिझेल आहे काय, कॉक उघडा आहे काय व झाकणाचें हवेचें भोक मोकळें आहे काय, हें पाहावें. शंका असल्यास झाकण सैल करून इंजिन चालवून पाहावें. त्यास एक पैसाही लागत नाहीं. टाकीच्या तळाचा बूच उघडून थोडें डिझेल कांचेच्या भांड्यांत घ्यावें. पाणी डिझेलपेक्षां जड असल्यानें तळाशीं वेगळें दिसतें.

दुसरी पायरी फिल्टर. फिल्टरच्या पुढील जोड सैल केला असतां डिझेल अखंड धारेनें आलें पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर फिल्टरचा आंतील भाग बदलावा. कागदी फिल्टर धुऊन किंवा टोंचून पुन्हां वापरण्याची कसर करूं नये. फाटलेला फिल्टर नसल्यासारखाच.

तिसरी पायरी हवा काढणें. प्रथम फिल्टरचा एअर-स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें व स्क्रू आवळावा. नंतर पंपाच्या स्क्रूस तसेंच करावें. शेवटीं इंजेक्टरकडील नळीचा नट सैल करून, डीकॉम्प्रेशनची दांडी उचलून, हँडल फिरवावें. निव्वळ डिझेल उसळूं लागलें कीं नट आवळावा. हवा वारंवार धरत असेल तर जोड, वायसर व रबरी नळी यांपैकीं कोठें तरी फट आहे असें समजावें.

चौथी पायरी कानाची. डीकॉम्प्रेशनची दांडी उचलून हँडल सावकाश फिरवावें. इंजेक्टर बरा असेल तर दर दोन फेऱ्यांस एकदां "कर्र" असा स्पष्ट आवाज येतो. हा आवाज येत असेल तर डिझेल आंत जात आहे, व पंप सोडण्याचें बहुधा कारण नाहीं.

पांचवी पायरी दाबाची. दांडी खालीं सोडून हँडल हळू फिरविलें असतां तें जोरानें अडलें व मागें उसळलें पाहिजे. सहज फिरलें तर कॉम्प्रेशन गेलें आहे. टॅपेटची फट इंजिन थंड असतां पुस्तिकेंत दिलेल्या मापानें पाहावी. फट मुळींच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाहीं. त्यानंतर व्हॉल्व्हची बैठक व पिस्टनच्या रिंगा. अशा वेळीं डिझेलच्या पंपास दोष देणें म्हणजे पाय मोडला असतां डोळ्यांत औषध घालणें होय.

सहावी पायरी इंजेक्टर. तो काढून नळीस उलट जोडून हँडल फिरवावें. नोझलला जितकीं भोकें असतील तितके सारखे, धुक्यासारखे फवारे उडाले पाहिजेत व फवारा थांबल्यावर टोंकाशीं थेंब लोंबतां कामा नये. काजळी पितळी तारेच्या ब्रशनें काढावी. शिवणाची सुई व पॉलिश कागद यांस तेथें मज्जाव असावा. परत बसवितांना बैठकींतील जुना तांब्याचा वायसर निघाला आहे काय तें पाहावें. जुन्यावर नवा बसला तर नोझलचें टोंक वर राहतें व फवारा भलत्या जागीं पडतो.

येथें एक इशारा मनापासून द्यावयाचा आहे. फवाऱ्यासमोर हात, बोट वा तोंड कधींही आणूं नये. एवढ्या दाबाचें डिझेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते, दुखतही नाहीं, पण आंतील मांस कुजून बोट वा हात गमावण्याची पाळी येते. असें घडल्यास हळद भरून घरीं न बसतां त्याच तासास मोठ्या रुग्णालयांत जावें, व डिझेल दाबानें आंत शिरलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

सातवी व शेवटची पायरी पंप. सहाही पायऱ्या निर्दोष ठरल्या तरच पंप सोडावा, व तोही शेताच्या बांधावर उघडूं नये. तोंडास स्वच्छ बुचें लावून, चाचणीचें यंत्र असलेल्या कारखान्यांत न्यावा. बैठकीखालीं पत्रे असल्यास ते मोजून, दोऱ्यांत ओंवून, त्यावर संख्या लिहून ठेवावी. एक पत्रा अधिक घातला तर पंप वर उचलला जाऊन फवारा उशिरां उडतो. एक कमी झाला तर लवकर उडतो. आमचें हँडल उलट मारूं लागलें त्याचें कारण हेंच होय. अशा झटक्यानें मनगट मोडतें. म्हणून हँडलवर आंगठा कधींही वळवून धरूं नये.

धुराची भाषा

चालत्या इंजिनाचा धूरही बरेंच कांहीं सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं : भार फाजील असेल, हवेचा फिल्टर चोंदला असेल किंवा नोझल ठिबकत असेल. प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. तो सर्वांत सोपा. निळा धूर वंगणाचें तेल जळत असल्याची खूण आहे. तेथें रिंगा व व्हॉल्व्हचे गाइड तपासावे. पांढरा धूर म्हणजे न पेटलेलें डिझेल वा पाणी : इंजिन थंड असणें, कॉम्प्रेशन कमी असणें, फवारा उशिरां उडणें किंवा डिझेलमध्यें पाणी असणें, यांपैकीं एक. सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर येऊन थांबत असेल तर चिंतेचें कारण नाहीं.

रोग होऊंच नये म्हणून

इंधनाच्या बहुतेक तक्रारींचें मूळ धूळ, पाणी व हवा या तीन शत्रूंत आहे. त्यांस दाराशींच अडविणें स्वस्त पडतें. पिंपांतील डिझेल चोवीस तास निवळूं द्यावें व तळापासून चार बोटें वरून काढावें. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांत डिझेल सांठवूं नये. जस्ताशीं त्याचा संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो व तो फिल्टर बुजवितो. संध्याकाळीं काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेंतील दमट हवा रात्रीं थंडावून तिचें पाणी आंत पडतें. डिझेलमध्यें रॉकेल मिसळूं नये. प्लंजरला वंगण मिळतें तें डिझेलचेंच. रॉकेलमध्यें तो गुण कमी असल्यानें प्लंजर व बॅरल लवकर झिजतात. वीज नियमित असली तरी महिन्यांतून एकदां तरी इंजिन अर्धा तास भारावर चालवावें. म्हणजे दोष असेल तर तो सवडीच्या दिवशीं कळेल, पाळीच्या दिवशीं नव्हे.

शेवटीं, इंजिनाच्या खोपींत एक वही टांगलेली असावी. किती तास चाललें, किती डिझेल लागलें, फिल्टर केव्हां बदलला, टॅपेट केव्हां पाहिलें, पंपाखालीं पत्रे किती आहेत, एवढ्या नोंदी पुरेत. तासास लागणारें डिझेल हळूहळू वाढूं लागलें तर बंद पडण्यापूर्वींच इंजिन आपणांस सूचना देत आहे असें समजावें. आमच्या वहींतील पहिली नोंद टाकीच्या झाकणाची आहे. तें आतां सांखळीनें टाकीस बांधलेलें आहे. ज्या बांधवांच्या विहिरीवर इंजिन उभें आहे त्यांनीं हा लेख वाचून झाल्यावर प्रथम आपल्या टाकीचें झाकण पाहून यावें, एवढीच आमची विनंती.